हॉलसाठी गालिचा

सुलाबाईंनी विचारलं, "तू धनगराची व्हय गं?" आणि राणी म्हणाली, "न्हाई."

झालं ते एवढंच. इस्लामपूरच्या त्या नव्या बंगल्यात सकाळचे अकरा वाजले होते. हॉलमध्ये तीन जुने इराणी गालिचे पसरलेले होते. आठवडाभर घरात अंथरून बघा, पसंत पडेल तो ठेवा, बाकीचे परत पाठवा, असं सांगून पुण्याच्या व्यापाऱ्याने ते दिले होते. घरची सून सोनम खुर्चीवर उभी राहून वरून फोटो काढत होती. तिचा नवरा राजवर्धन बाहेर पोर्चमध्ये ऊसतोडीच्या मुकादमाशी फोनवर बोलत होता. आणि राणी तिसऱ्या गालिच्यापाशी गुडघ्यांवर बसली होती. पंधरा वर्षं ती सांगलीत लोकांची घरं सजवून देत होती, तेव्हा हे तिचं रोजचंच काम. तिने गालिच्याचा कोपरा उलटा करून पाठीमागच्या गाठी पाहिल्या. अंगठ्याने लोकर दुभंगून मुळाशी रंग किती टिकलाय ते पाहिलं. मग कडेची एक सुटलेली बट उपटली, जिभेला लावून ओली केली आणि मांडीवर ठेवून तळहाताने वळली. हे शेवटचं तिला कॉलेजात कुणी शिकवलेलं नव्हतं. आपण ते करतोय हेही तिला कळलं नव्हतं. कळलं ते राजवर्धनच्या आईने, दारातल्या खुर्चीत बसून सगळं बघत असलेल्या सुलाबाईंनी, तो प्रश्न विचारल्यावर.

तिला आधी स्वतःच्या खोट्याचं काही वाटलंच नाही. वाटलं ते त्या शब्दाचं. 'नाही' तरी म्हणायचं. गिऱ्हाइकाशी बोलताना ती नेहमी 'नाही' म्हणायची, 'आहे' म्हणायची, 'आपण' म्हणायची. गेल्या वीस वर्षांत नवऱ्याशी भांडतानासुद्धा तिच्या तोंडून 'न्हाई' गेलं नव्हतं. आणि नेमकं नाकारतानाच ते आलं, म्हणजे जे नाकारत होती तेच बोललं. सुलाबाईंनी ते ऐकलं असणार. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि पदर सावरून आत गेल्या. त्यांचं ते 'बरं' राणीने मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं. त्यात राग नव्हता, थट्टा नव्हती, ओळखलं असल्याची खूणही नव्हती. की होती? सोनम खुर्चीवरून उतरून विचारत होती, "मग मॅडम, कुठला?" आणि राणीला पंधरा वर्षांत पहिल्यांदाच सांगता येईना.

खरं तर सांगण्यासारखं सोपं होतं. पहिला काशानचा, बारीक विणीचा, फुलापानांनी भरलेला. तो बघताना माणूस आपोआप पाय आवरून घेतो. दुसरा हेरिझचा, मोठा, विटकरी रंगाचा, ठसठशीत कोनांचा. शंभर वर्षं माणसांनी तुडवूनही त्याची लोकर उभी होती. आणि हा तिसरा, कश्काई लोकांचा. हे लोक मेंढ्या घेऊन हिवाळ्यात खाली उतरायचे, उन्हाळ्यात डोंगर चढायचे आणि मुक्कामाच्या जागी जमिनीत खुंट ठोकून माग मांडायचे. हॉलच्या मानाने हा लहान होता. त्याच्या लाल जमिनीत मध्येच वीतभर रुंदीचा एक पट्टा वेगळा होता, लाल उतरून फिकट, जवळजवळ करडा झालेला. जाणकार त्याला अब्रश म्हणतात. मुक्काम हलला, पाणी बदललं, दुसऱ्या पाण्यात रंग वेगळा चढला. व्यापारी असल्या पट्ट्याची तारीफ करतात आणि राणीही गिऱ्हाइकांपुढे करत आली होती. पण आज तिला कळेना की तिसरा गालिचा आवडतोय तो तिच्या डोळ्याला की आणखी कशाला. आवडतोय म्हणूनच तो बाजूला ठेवावा, का आवडतोय म्हणूनच घ्या म्हणावं? ती सोनमला म्हणाली, गुरुवारपर्यंत वेळ द्या, हा लहान मी बरोबर नेते, उघड्या उन्हात बघायचाय. सोनम हो म्हणाली, पण जरा नवलाने.

आष्ट्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मागच्या सीटवर गुंडाळी केलेला गालिचा आडवा पडला होता आणि ऊन लागून गाडीभर त्याचा वास सुटला होता. जुन्या लोकरीला उन्हात वास येतो, त्यात नवीन काही नाही, हे ती गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायची. तरी तिने काच खाली केली. लपवलं का आपण? तिने स्वतःलाच विचारलं आणि उत्तरही दिलं की लपवलं कधीच नाही, कुणी विचारलं नाही. लग्नानंतर सासरचं आडनाव लागलं, कार्डावर तेच छापलं, कुणाला त्यात काही विचारण्यासारखं दिसलं नाही. सासूसासऱ्यांना माहीत होतं. त्यांनीही पहिल्या वर्षानंतर विषय काढला नाही. राणीला तो त्यांचा मोठेपणा वाटत आला होता. आता तिला वाटलं, वीस वर्षं कुणी आपल्याला एक गोष्ट विचारू नये याला मोठेपणा म्हणायचं की आणखी काही? आणि विचारलं असतं तर वीस वर्षं ती काय म्हणाली असती? परीक्षाच झाली नव्हती, म्हणून ती पास झाल्यासारखी वावरत होती. पहिला प्रश्न आला आणि त्याचं उत्तर हे.

तिसरीपर्यंत ती मेंढरांबरोबर चालली होती. जतच्या पूर्वेला त्यांचं गाव, कर्नाटकाच्या हद्दीला लागून; तिथे पाऊस पडला तर पडला. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून ते पश्चिमेला निघायचे, कृष्णाकाठच्या हिरव्या रानांकडे. ऊस निघालेल्या शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीमुताने रान पिकायचं, त्याबदल्यात शेतकरी धान्य घालायचा. अव्वा, म्हणजे आई, चालता चालता चातीवर सूत कातायची. कमरेला लोकरीची पिशवी, हातात गरगरणारी चाती, डोळे कोकरांवर. राणी बटा विंचरून द्यायची, ओली करून मांडीवर वळून बघायची, तुटली तर ही लोकर वेगळी, टिकली तर ही वेगळी. जावळ सगळ्यांत मऊ. पहिल्या कातरणीची कोकराची लोकर. मग वसतिगृह आलं, मग शाळेचा नंबर, मग कोल्हापूर, डिप्लोमा, रंगांची चक्रं, जयराजशी लग्न. तिला आठवायचं ते एवढंच, आणि तेही कुणीतरी सांगितल्यासारखं. मांडीला मात्र ते आठवत होतं. आपल्याला आठवत नाही आणि आपल्या मांडीला आठवतं, असं कसं असेल, हे तिला कळेना.

बुधवारी ती सकाळीच निघाली. सिद्धू, तिचा धाकटा भाऊ, या मोसमात कोरेगावच्या बाजूला वसनाकाठी मेंढरं घेऊन होता, आणि तिचे वडील, आबाही त्याच्याबरोबर होते. अव्वा गेल्यापासून ते गावात राहत नव्हते. पंचाहत्तरी गाठली तरी चालत होते. जाताना वाटेत सातारा लागणार, म्हणून जयराजला भेटायचं ठरवलं. तो पाटबंधारे खात्यात होता, आठवडाभर साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा आणि शनिवारी सांगलीला यायचा. त्याने चहा केला. खाली प्लॅस्टिकची चटई होती, ती तिनेच घेऊन दिली होती, पण आज ती पहिल्यांदा पाहिल्यासारखी पाहिली. तिने त्याला सगळं सांगितलं, तो शब्दही तसाच उच्चारून दाखवला. जयराज मनापासून हसला. तो वाईट माणूस नव्हता. घरच्यांशी महिनाभर भांडून त्याने तिच्याशी लग्न केलं होतं आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलून दाखवलं नव्हतं. तो म्हणाला की कामाच्या ठिकाणी असल्या चौकशा करणाऱ्यांना उत्तर द्यायला आपण बांधील नाही, तू अगदी बरोबर केलंस. तिला ते पटलंही. मग बशी विसळता विसळता तो सहज म्हणाला, "मला वाटलं, तू ते केव्हाच मागे टाकलंयस."

ती साताऱ्याहून निघाली तेव्हा ते वाक्य तिच्याबरोबर आलं. 'ते' म्हणजे काय? आबा? अव्वाची चाती? बोली? टाकलं तर कुठल्या मुक्कामावर टाकलं, हे तिला स्वतःला आठवायला हवं होतं. एखादी वस्तू हरवली तर माणूस निदान शेवटची कुठे पाहिली ते सांगतो. आणि जयराज हे इतकी वर्षं धरून चालला होता, आनंदाने, तिच्या कर्तबगारीचा भाग म्हणून. त्याच्यावर रागवावं असं काही त्याने केलं नव्हतं. तरी कोरेगावच्या अलीकडे तिला एकदा गाडी बाजूला घेऊन उभं राहावं लागलं.

तळ सापडायला वेळ लागला नाही. खोडव्याचा ऊस काढलेल्या रानात जाळीच्या कुंपणात मेंढरं कोंडलेली होती, दोन घोडी झाडाला बांधलेली, कुत्र्यांनी आधी गाडीला घेरलं आणि मग वास घेऊन सोडून दिलं. सिद्धू कोरेगावला औषधं आणायला गेला होता. आबा, म्हणजे बिराप्पा, एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली, तिला पाहिलं, काटा पुरता काढला, कोकरू सोडलं आणि मग म्हणाले, "आलीस व्हय." ती खाली बसली. ती वर्षातून दोनदा यायची, आणलेली औषधं, चष्मा, स्वेटर देऊन जायची. आज काही आणलं नव्हतं. ते तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि त्यांच्या बहुतेक लक्षातच आलं नाही.

तिने गालिचा गाडीतून काढून रानातच उलगडला. आपण हे कशासाठी करतोय हे तिला नीट ठाऊक नव्हतं. उन्हात रंग बघायचे होते हे खरं होतं. पण मनात आणखी काहीतरी होतं. आबा हात फिरवतील, लोकर ओळखतील, काहीतरी म्हणतील आणि त्या म्हणण्याने गुरुवारचा निकाल लागेल. आबांनी हात फिरवला. कोपरा उचलून वजन पाहिलं. तो फिकट पट्टा तिने बोटाने दाखवला आणि सांगितलं की हे विणणारे आपल्यासारखेच, मेंढरं घेऊन फिरणारे, मधेच मुक्काम हलला म्हणून पाणी बदललं. आबांनी तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"लय जड हाय," ते म्हणाले. "ह्ये घोड्यावर टाकलं तर भांडी कशावर टाकायची?"

एवढंच. त्यांना त्याच्यात रस नव्हता. कुंपणाबाहेर राहिलेली एक मेंढी गालिच्यावर पाय ठेवायला आली, तिला त्यांनी हाकललं, ते मात्र अगदी गंभीरपणे, कारण वस्तू दुसऱ्याची होती. राणीला हसू आलं. गुंडाळी करता करता, त्यांच्याकडे न बघता, तिने ते सांगितलं. इस्लामपूरच्या बंगल्यात एका म्हातारीने विचारलं, धनगराची का, आणि मी नाही म्हणाले. सांगून झाल्यावर तिने वाट पाहिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. दुखावले असते तरी चाललं असतं. सोसायचं काय ते तिने साताऱ्याहून येतानाच ठरवून ठेवलं होतं.

आबांनी तंबाखू मळली. "मग?" ते म्हणाले.

"मग काही नाही. खोटं बोलले."

"इचारनाऱ्याला मी तरी कवा खरं सांगितलं?" आबा म्हणाले. "रस्त्याच्या मानसानं नाव सांगू न्हये. कुनाच्या पिकात मेंढरू शिरलं, कुनाचं काय हरवलं, की पयलं इचारत्यात, कुठलं रं तुमी, कोन रं तुमी. आमी म्हनायचो, आमी न्हाई, फुडचा मेंढक्यांचा वाडा त्यो. तुला बी शिकिवलं हुतं की. कुनी इचारलं तर न्हाई म्हनायचं. एवढीशी हुतीस, पर लय झ्याक म्हनायचीस."

तिला ते आठवत नव्हतं. तिने खूप प्रयत्न केला. बांधावर उभी असलेली चार-पाच वर्षांची मुलगी, समोर कुणीतरी काठीवाला माणूस, आणि ती मान हलवून म्हणतेय, न्हाई. चित्र उभं राहिलं, पण ते आठवण म्हणून आलं की आबांनी सांगितलं म्हणून आत्ता तिनेच काढलं, हे सांगता येईना. म्हणजे ते 'न्हाई' इथलंच होतं. ज्याने ती घरातून तुटली असं दोन दिवस समजत होती, ते तिला घरातूनच मिळालं होतं. तिने ठरवून ठेवलेलं सगळं सोसणं वाया गेलं. हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. भीतीने म्हणाली असती तर भीती काढता आली असती, लाजेने म्हणाली असती तर लाज. पण हे शिकवलेलं, चांगलं वठलेलं, बापाने कौतुक केलेलं. त्याचं काय करायचं? आबा तोवर उठून पाण्याचं बघायला गेले होते. जेवून जा म्हणाले. ती भाकरी खाऊन निघाली तेव्हा त्यांनी घोड्याच्या पाठीवर हात ठेवूनच मान हलवली.

गुरुवारी इस्लामपुरात तिने हॉल पुन्हा मोजला. सोफ्यांचे पुढचे पाय गालिच्यावर यायला हवेत, दाराकडून चार फूट मोकळं हवं, घरात दोन मुलं आणि एक कुत्रा. मोजमाप काढलं की उत्तर एकच निघत होतं, आणि ते पहिल्या दिवशीही तेच होतं. हेरिझचा ठेवा, ती सोनमला म्हणाली. काशान भिंतीवर शोभेल, पायाखाली नाही. सोनमने लहानाबद्दल विचारलं. तिलाही तो आवडू लागला होता, म्हणाली, तो फिका पट्टा किती गोड आहे. राणी म्हणाली, तो या खोलीला पुरत नाही. आवाज नेहमीचा, स्वच्छ, कामाचा होता. पण म्हटल्याबरोबर तिला शंका आली की हेही एक 'न्हाई'च तर नव्हे. खोलीला खरंच पुरत नव्हता. फूटपट्टी खोटं बोलत नाही. तरी बोलणारी ती होती, फूटपट्टी नव्हे. तिने तो गुंडाळला, पुण्याला परत पाठवायच्या कापडात घातला आणि दोरी बांधली, आणि बांधताना गाठ नीट बसली की नाही हेच फक्त बघायचं असं ठरवलं.

सुलाबाई मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत जायला स्वयंपाकघर ओलांडावं लागतं. तेवढ्या अंतरात राणी दोनदा थांबली. खरं सांगून काय साधणार हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं तर? काम जाईल, जाऊ दे, पण मग ते सोनमच्या मैत्रिणींत, सांगलीत, सगळीकडे. आणि त्यांनी पाठीवरून हात फिरवला तर? ते तर तिला मुळीच नको होतं. ती ओट्यावर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आक्का, परवा तुम्ही विचारलंत, तेव्हा मी नाही म्हणाले. मी धनगराचीच आहे. जतकडची."

"व्हय?" सुलाबाई म्हणाल्या. हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "मग बरं झालं. तुमच्यात मेंढरं कोन राखतंय का आता?"

राणीला प्रश्न कळायला वेळ लागला. तिने सांगितलं की भाऊ राखतो. सुलाबाई जरा पुढे सरकल्या. नदीकडची मळीची जमीन त्यांच्या नावावर होती, चांगली काळीभोर. पण खताची पोती टाकून टाकून आणि पाणी साठून साठून तिला मीठ फुटलं होतं, उसाला आता पानच धरत नव्हतं. पूर्वी दर साली मेंढरं बसायची. राजवर्धनला किती सांगितलं, तो ऐकत नाही, आणि आताशा या बाजूला मेंढकेही फिरकत नाहीत. म्हणून परवा तिला मांडीवर लोकर वळताना पाहून त्यांना बरं वाटलं होतं, चला, कुणीतरी ओळखीचं निघालं. नाही म्हणाली तेव्हा त्यांना वाटलं, असेल बाई दुसऱ्या कुणाची, आपले डोळे आता गेलेच.

तीन दिवस राणीने ज्या प्रश्नाला तोंड दिलं, तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्या बाईला खत हवं होतं. तिला हसायचं होतं, आणि त्याच वेळी कुणावर तरी खूप रागवायचं होतं, पण कुणावर ते समोर येईना. सुलाबाई कुठल्या दुनियेत होत्या, जयराज कुठल्या, आबा कुठल्या. आणि ती एकटीच मधे उभी राहून सगळ्यांना उत्तरं देत होती.

"नंबर दे त्येचा," सुलाबाई म्हणाल्या. "त्या क्यालेंडरावर लिव. मला लिवाय येत न्हाई. म्होरल्या म्हयन्यात ऊस तुटला की सांगावा धाडते."

भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन दोऱ्याने बांधलेलं होतं. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडरची तारीख, डॉक्टरांचा फोन. राणीने कोऱ्या चौकोनात सिद्धूचा नंबर लिहिला. वर नाव घालायला हात गेला आणि तिथेच थबकला. नुसतं सिद्धू लिहिलं तर महिन्याभराने हा कोण, हे घरात कुणाला कळणार? तिने लिहिलं आणि पेन सोडून दिलं. मागे स्वयंपाकघराच्या दारात कुणाची तरी चाहूल लागली. सोनम हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"काय लिवलंस, वाच की," सुलाबाई म्हणाल्या.

राणीने वाचलं. "सिद्धू, मेंढरंवाला. राणीचा भाऊ."

ट्रेमधल्या कपांचा बारीक आवाज झाला. सोनमने ऐकलं की नाही ते राणीला कळलं नाही. सुलाबाईंनी कानामागे हात धरला, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं नव्हतं. तेव्हा राणीने पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने, वाचलं.